उभ्या उभ्या पाहणाऱ्यांची बाजू

परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते चित्रकलेचे मोठे जाणकार. विषय, ‘संग्रहालय कसे पाहावे’. पहिली पंधरा मिनिटे त्यांनी ते कसे पाहू नये हे सांगितले, आणि उरलेला पाऊण तास तेच पुन्हा सांगितले. हातात पिशव्या, कडेवर पोर, मागून पाय ओढीत येणारी म्हातारी माणसे, असा लवाजमा घेऊन लोक संग्रहालयात शिरतात म्हणे. दोन हजार वर्षांचा इतिहास पाच मिनिटांत ओलांडून पलीकडच्या दाराने बाहेर पडतात, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो भेळवाला कुठे बसतो हा. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण त्यांनी एका तासात तीनदा वापरली. शेवटी टाळ्यांची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “अशा मंडळींनी आपले राणीच्या बागेत जावे, संग्रहालयाच्या वाटेला जाऊ नये.”

सभागृहात मोठा हशा झाला. मी हसलो नाही. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. अशाच एका विनोदाला मी पूर्वी एकदा हसलो होतो आणि ते मला महागात पडले, म्हणून. ते पुढे सांगेनच. आधी त्या राणीच्या बागेचा निकाल लावू.

वक्त्यांच्या ध्यानात आले नाही, पण मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय राणीच्या बागेला खेटूनच उभे आहे. 1872 साली ते लोकांसाठी उघडले, तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या यजमानांचे नाव होते. 1975 साली ते डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हे भाऊ दाजी म्हणजे नामांकित वैद्य, जुन्या शिलालेखांचे वाचक, मुंबईचे पहिले हिंदी शेरीफ. पण मुळात कोण? गोव्याकडच्या मांद्रे गावचा, मातीच्या बाहुल्या विकून पोट भरणाऱ्या गरीब घरातला मुलगा. त्याच्या नावाच्या संग्रहालयात आज काय आहे? मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या, मातीच्याच लहान लहान प्रतिकृती! वाघ-माकडे पाहून दमलेली माणसे आत शिरतात, आणि त्या काचेपुढे पोरे नाक चेपून उभी राहतात. “आई, हा बघ, याची पगडी आपल्या पणजोबांच्या फोटोतल्यासारखी आहे.” हे उद्गार कोणत्या कलासमीक्षेपेक्षा कमी आहेत, ते वक्त्यांनी मला सांगावे.

त्याच आवारात एक दगडी हत्ती आहे. मूळचा तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याला पाहून त्या बेटाचे नावच ‘एलिफंटा’ ठेवले. 1864 साली साहेबांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना तो फुटला. मग ते तुकडे इथे आले आणि 1914 साली पुन्हा जुळवून उभे केले. बागेत जिवंत हत्ती पाहायला आलेली पोरे या दगडी हत्तीपुढेही थांबतात. “याचे सांधे का दिसतात?” असे कोणी विचारले आणि बापाला उत्तर ठाऊक असले, तर साम्राज्य म्हणजे काय याचा एक धडा पाच मिनिटांत उरकतो. बापाला ठाऊक नसले तर दोष बापाचा नाही. ज्यांना ठाऊक आहे आणि जे सभागृहात बसून विनोद करतात, त्यांचा तो दोष आहे.

तिथेच काळा घोडाही आहे. म्हणजे घोड्यावर बसलेले सातवे एडवर्ड महाराज. 1965 साली त्यांना फोर्टमधून हलवून इकडे आणले. आता मौज पाहा. तो पुतळा राजाचा होता. लाखो मुंबईकर त्याच्या खालून कामावर गेले-आले. त्यांनी राजाकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांना आवडला तो घोडा, आणि त्या सबंध भागाला त्यांनी घोड्याचे नाव दिले. राजा गेला, घोडा गेला, तरी नाव राहिले. पुढे 2017 साली त्या भागात नवा घोडा उभा केला, त्याच्या पाठीवर स्वारच नाही! जाता जाता पाहणाऱ्यांनी दिलेला हा निकाल. त्यावर अपील करण्याची जाणकारांची प्राज्ञा झाली नाही.

आता माझ्या त्या हसण्याची गोष्ट.

आमची आत्या कराडकडची. दर दिवाळीला भाऊबीजेसाठी आमच्याकडे येते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिला शहरातल्या एका संग्रहालयात नेले. कोणत्या ते सांगत नाही. त्यात त्या संस्थेचा काही अपराध नाही. आत विष्णूची एक काळ्या दगडाची उभी मूर्ती होती. आत्याने दाराशीच चपला काढल्या, अनवाणी पुढे गेली, हात जोडले आणि डोळे मिटले. शेजारी एक गृहस्थ वही घेऊन टिपणे काढीत होते. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, “आजी, हे देऊळ नाही. इथे देव नाही, शिल्प आहे.” आणि माझ्याकडे पाहून हसले. दोन सुशिक्षित माणसांनी एकमेकांकडे पाहून हसावे, तसा मीही हसलो.

आत्याने डोळे उघडले. “बरं बाबा,” म्हणाली. चपला घातल्या आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. त्यानंतर अकरा वर्षे ती मुंबईत आली की आम्ही विचारायचो, “आत्या, येतेस का संग्रहालय बघायला?” ती म्हणायची, “तुम्ही शिकलेली माणसं जाऊन या. मी पोह्यांचा चिवडा करते.” चिवडा चांगला व्हायचा. घशाखाली मात्र नीट उतरत नसे.

त्या वहीवाल्या गृहस्थांना मी आज विचारतो, चूक कोणाची? ज्या कारागिराने ती मूर्ती घडवली, त्याने ती कोणासाठी घडवली? तुमच्या वहीसाठी की त्या जोडलेल्या हातांसाठी? शंख कोणत्या हातात आणि चक्र कोणत्या हातात यावरून विष्णूचे चोवीस प्रकार ओळखतात, ही विद्या मोठी आहे, मला तिचा आदर आहे. पण मूर्तीपुढे उभे राहून माणसाला काय व्हावे, हे त्या कारागिराला जे अपेक्षित होते, ते त्या दालनात त्या दिवशी फक्त एकाच व्यक्तीला झाले. आणि तिलाच आम्ही दोघांनी बाहेर बसवले.

‘वरवर पाहणारे’ हा शब्द जाणकारांच्या तोंडी शिवीसारखा येतो. मी म्हणतो, खोलवर पाहणारा तरी सगळे पाहतो काय? नाण्यांचा अभ्यासक सरळ नाण्यांच्या कपाटाकडे जातो. वाटेतली चित्रे त्याला भिंतीसारखी. लघुचित्रांचा पंडित शस्त्रांच्या दालनातून नाक मुठीत धरून पळतो. त्याला कोणी ‘उडाणटप्पू’ म्हणत नाही, कारण कुठे थांबायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. सामान्य माणसाला ते शोधावे लागते, एवढाच फरक. दादरच्या दुकानात गादीवर बसून बायका चाळीस साड्या उलगडायला लावतात आणि एक घेतात. त्यांना साडीतले कळत नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? चाळीस मूर्तींवरून नजर सरकवून एकेचाळिसाव्या मूर्तीपुढे थबकणारा माणूस तेच करीत असतो. त्याला त्या चाळीस मूर्तींबद्दल जाब विचारणे हा शुद्ध अन्याय आहे.

आणि थकव्याचे काय? 1916 साली अमेरिकेत बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनी ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर एक लेख लिहिला. त्यांनी काय केले, तर एका माणसाला कपाटांपुढे उभे केले, वस्तू नीट पाहून त्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितली, आणि ती देताना त्याला कुठे कमरेत वाकावे लागते, कुठे मान वेळावावी लागते, कुठे जवळजवळ गुडघे टेकावे लागतात, याची छायाचित्रे काढली. दोष पाहणाऱ्याच्या आळसाचा नसून मांडणीचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. या गोष्टीला शंभरावर वर्षे झाली. आमच्याकडे अजून ‘लोकांना रस नाही’ हेच पालुपद चालू आहे. पाटीवर ‘विष्णू, बेसॉल्ट, अकरावे शतक’ एवढे बारीक अक्षरांत लिहायचे, बसायला चार दालनांत मिळून एक बाक ठेवायचा, आणि मग साठीच्या बाईने पाय दुखतात म्हटले की तिला रसिकता नाही म्हणायचे! गाढवाला गुळाची चव नसेलही. पण गूळ शिंक्यावर टांगून ठेवणाऱ्याने चवीची चर्चा करू नये.

हे मी सगळ्यांनाच लावत नाही. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 सालापासून बसगाडीत संग्रहालय भरून ते गावोगावी न्यायला सुरुवात केली. ज्याच्या मनात हे आले त्याच्या तोंडात मी या दिवाळीचा पहिला लाडू घालीन. त्या वास्तूचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. 1905 साली पायाभरणी, जॉर्ज विटेट यांचा आराखडा, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर घुमट, आत नाशिकच्या एका वाड्यातल्या लाकडी कमानी. 1914 साली इमारत पुरी झाली, पण पहिले महायुद्ध आले आणि तिथे लष्करी इस्पितळ थाटले गेले. लोकांसाठी ते उघडले 1922 साली. म्हणजे त्या घुमटाखाली जे पहिले पाहुणे राहिले, ते कलेचे अभ्यासक नव्हते. जायबंदी शिपाई होते. शिवाय ही वास्तू उभी राहिली ती लोकांच्या वर्गणीची भर पडून. वर्गणी गोळा करताना ‘आपणांस शिल्पातले कळते काय’ असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते कबूल केले पाहिजे. मूर्तीला हात लावू नये. हाताचा घाम आणि तेल दगडावर बसते, चित्रावर तर फारच वाईट. पोराला गाभाऱ्याच्या दगडावर बसवून फोटो काढणारे बाप मी पाहिले आहेत, आणि त्यांचा कान धरायला मी सर्वांत पुढे असेन. पण नासधूस वेगळी आणि अज्ञान वेगळे. मी तर पदवीधर माणसेच काचेवर बोटे टेकवून एकमेकांना समजावताना पाहिली आहेत. आत्याने मूर्तीला बोटही लावले नव्हते.

आणि एक दोष आपल्या बाजूचाही आहे. तो म्हणजे ‘सगळे बघून झाले पाहिजे’ ही खोड. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला, शस्त्रे, चिनी भांडी, पक्षी, सगळे पायाखाली घालायचे. आमचा भाचा तर चालता चालता मोबाईलवर दोनशे फोटो काढतो; घरी आल्यावर पाहू म्हणतो, आणि घरी आल्यावर झोपतो. पण ही खोड लावली कोणी? ‘हे पाहिले नाहीत? मग काय पाहिलेत!’ असे म्हणणाऱ्यांनीच. माणूस घाबरून धावत सुटतो. त्याला कोणीतरी सांगायला हवे होते की बाबा रे, एकच वस्तू पाहा आणि घरी जा. संग्रहालय काही पळून जात नाही.

नव्या चित्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो. रीगलच्या चौकात सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, जो 1911 साली बांधला, 1996 सालापासून आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे नुसत्या रंगांच्या पट्ट्यांपुढे उभे राहून कोणी “हे काय आहे?” असे विचारले की जाणकार कपाळाला हात लावतात. मला हा प्रश्न अतिशय रास्त वाटतो. चित्रकाराने तीन महिने स्वतःला दुसरे काय विचारले असेल? जवळच्या जहांगीर कलादालनात, 1952 सालापासून, कोणीही फुकट जावे अशी सोय आहे. पावसाची सर आली म्हणून किती कारकून आणि शिपाई तिथे आडोशाला शिरले असतील, आणि अंग सुकेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिले असतील! काहीजण मागच्या ‘सामोवार’मध्ये चहा घ्यायला म्हणून येत आणि वाटेत चित्रे पाहत. ते ‘सामोवार’ 2015 साली बंद झाले. चित्रांकडे नेणारी एक पायवाट त्या दिवशी बुजली, असे मला वाटते. चहाच्या निमित्ताने पाहिलेले चित्र हे चित्राच्या निमित्ताने पाहिलेल्या चित्राहून हलके कसे, ते मला उमगलेले नाही.

पावसानेच आत्याचे अकरा वर्षांचे व्रतही मोडले. ती आषाढात एका लग्नासाठी आली होती. आम्ही फोर्टात काही खरेदीला गेलो असताना असा पाऊस कोसळला की छत्री उघडण्याआधी भिजलो, आणि समोर शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. “पाऊस थांबेपर्यंतच हं,” ती म्हणाली. मी एक अक्षर बोललो नाही. माहिती सांगायची नाही, अशी मी मनाशी शपथ घेतली होती. माझ्यासारख्याला हे किती अवघड, ते आमच्या घरी विचारा.

ती चालली होती आपली, ओला पदर पिळीत. मोठमोठ्या मूर्तींकडे तिने पाहिलेही नाही. ऐहोळेच्या ब्रह्मदेवापुढून ती सरळ निघून गेली. त्या छताच्या शिळेसाठी मी स्वतः कितीदा वाकडी वाट केली आहे! मी जीभ चावून गप्प राहिलो. मग एका ठिकाणी ती थांबली. तिथे भाजक्या मातीचा एक माणूस उभा होता. देव नाही, राजा नाही. केस कुरळे, कमरेला धोतर, हातात कमळाची फुले. आत्या बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हा रे, रांगेत उभा आहे.”

“कसल्या रांगेत?”

“दर्शनाच्या. बघ ना, फुलं कशी जपून धरलीत. पुढचा माणूस हलायची वाट बघतोय.”

आता तो कोण ते सांगतो. सिंधमध्ये मीरपूर खास नावाच्या गावी एक बौद्ध स्तूप होता. 1909-10 साली हेन्री कझिन्स यांनी तो उकरला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (1936 साली वेगळा झाला), म्हणून तिथल्या मातीच्या मूर्ती मुंबईला आल्या. आणि हा जो फुले घेतलेला माणूस, त्याला पंडित ‘उपासक’ म्हणतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा कोणी भाविक. पंडितांनी जे ग्रंथ चाळून ठरवले, ते पाटी न वाचता माझ्या चौथी शिकलेल्या आत्याने ओल्या लुगड्यात उभे राहून ओळखले, कारण पंढरपूरच्या रांगेत ती स्वतः तशीच कित्येकदा उभी राहिली आहे. पाटीवर तेच लिहिले आहे हे मी तिला सांगितले, तेव्हा तिला त्याचे काही वाटले नाही. “मग दुसरं काय असणार?” म्हणाली. तो गाव आता पाकिस्तानात आहे हेही मी सांगून टाकले. शपथ तोवर मोडलीच होती. त्यावर मात्र ती गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे याचं देऊळ तिकडे राहिलं, आणि हा फुलं घेऊन इकडे.”

पाऊस थांबला होता. दुसरे काही न पाहता आम्ही बाहेर पडलो. दाराशी एक गाईड जमावाला सांगत होता, “पाऊण तासात सगळं संग्रहालय दाखवतो.” आत्या त्याला म्हणाली, “आमचं झालं बघून.”

त्यांच्या पुढच्या व्याख्यानाचे निमंत्रण मला येईलच. मी जाणार आहे, आणि या वेळी पहिल्या रांगेत बसणार आहे. तोवर भाऊबीज आली. आत्याचा कराडहून फोन आला होता. करंज्यांना खवा कुठला घेतलास, वडिलांचा गुडघा कसा आहे, हे सगळे विचारून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली, “आणि तो फुलंवाला आहे ना रे अजून तिथेच? या खेपेला तेवढ्यालाच भेटून येऊ. मग भेळ.”